चाळीसगावला डबे कापायचे तेव्हाची सवय

साल २०२३. मला एकाहत्तर पुरी झाली होती. शाळा चौथीपर्यंत, पण कोणाला पत्ता विचारत फिरलो नाही कधी.

मुलगी म्युनिकला असते. तिनं तिकडच्या रेल्वेच्या पासचं सांगितलं. एकच पास, महिनाभरात ठरलेले दिवस कुठल्याही गावी जा. म्हाताऱ्यांना थोडा स्वस्त. ती म्हणाली, "आबा, मी रजा टाकते, सोबत येते." मी म्हटलं, काही गरज नाही. तुझ्या आईला मी फिरवीन. झुरिक, व्हेनिस, पॅरिस.

खाटेवर नकाशा पसरून मी मुक्कामाच्या गावावर ज्वारीचा एकेक दाणा ठेवायचो. कपाशीच्या ओळी आखतानाही मी असाच दाण्यांनी हिशेब मांडत आलो. एकदा संध्याकाळी पाहतो तर नकाशा कोरा. बायकोनं दाणे वेचून चिमण्यांना टाकले होते. "कोणी सांडले, काय माहीत," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मांडले. तिनं पुन्हा वेचले, आणि तेच बोलली. मी हसण्यावारी नेलं. मुलीला काही बोललो नाही.

मुलगी व्हिडिओवर समजावायची. "पास असला तरी जलद गाडीत जागा वेगळी राखायची, आबा. दारं आपोआप लागतात, पाणी भरायला खाली उतरू नका. आणि काही गाड्या वाटेत दोन होतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. डब्यावरची पाटी बघूनच बसा."

"मला शिकवतेस? चाळीसगावला गाडीचे धुळ्याचे डबे कापून वेगळे करायचे, तेव्हा तू पाळण्यात होतीस."

मुलगी हसली. बायको हसली नाही. "मी मांगेच ऱ्हायनू ते?" मागेच राहिले तर, म्हणून विचारलं तिनं. मी सांगितलं, मी आहे ना. जेवताना तिनं तेच विचारलं. अंथरूण घालतानाही तेच.

म्हटलं, एकदा सराव करू म्हणजे हिची भीती जाईल. धुळ्याहून चाळीसगाव, तिथं गाडी बदलून जळगाव. सकाळी निघालो. चाळीसगावला उतरून जळगावच्या गाडीत तिला खिडकीपाशी बसवलं, पिशवी मांडीवर दिली. गाडीला वेळ होता. मी बाटली घेऊन नळावर गेलो. जंक्शन आलं की पाणी भरायला उतरायचं, ही आमची जन्माची सवय.

परत आलो तर जागेवर नुसती पिशवी.

डबाभर शोधलं. संडासाचं दार वाजवलं. "आजी? त्या तर उतरल्या, बाबा," कोणी म्हणालं. मी खाली उतरलो आणि गाडी सुटली. पिशवी आत, तिची औषधं पिशवीत. मी नुसता बाटली धरून उभा.

धुळ्याची गाडी अजून उभीच होती. तिसऱ्या डब्यात ती दिसली. पदर नीट घेऊन, खिडकीपाशी. मी जवळ गेलो. तिनं माझ्याकडे परक्या माणसाकडे बघतात तसं बघितलं.

"भाऊ, हाई गाडी धुयाले जास का? मना मालक पानी लेवाले गयात." नवरा पाणी आणायला गेलाय, असं मलाच सांगत होती.

पन्नास वर्षांच्या संसारात तिनं मला भाऊ कधी म्हटलं नव्हतं. "जास," म्हटलं, आणि समोर बसलो. शेजारी बसायची हिंमत झाली नाही. ती सारखी दाराकडे बघत होती. गाडी हलली तशी घाबरी झाली, "ते ऱ्हायनात ना!" म्हणून उठायला लागली. डब्यातल्या बायांनी तिला धरलं आणि माझ्याकडे संशयानं बघितलं.

जामदा स्टेशनच्या पुढं कुठंतरी तिची नजर माझ्या हातावर गेली. "बाटली भराले इतला येळ?" ती खेकसली. मी बाटली पुढं केली. ती घटाघट प्याली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठायच्या आत मी मुलीला फोन लावला. पास घेऊ नको म्हटलं.

"का हो आबा? घाबरलात की काय?" ती चिडवायला लागली.

"हो," म्हटलं. मग दाण्यांपासून सगळं सांगितलं, आणि विचारलं, तू इकडं यायला कधी निघतेस.