चालेल म्हणण्याचा आजार

“क्रिएटिनिन सहा पूर्णांक नऊ आहे,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. मूत्रपिंडं माझी होती.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातून रक्तात येणारा कचरा. मूत्रपिंडं तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. बाईच्या रक्तात तो एकच्या आसपास असावा. माझा सातला टेकला होता. म्हणजे गाळणी बंद पडली होती आणि कचरा घरातच साठत होता.

मी इंदापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर उभं राहून टाच दुखायची. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या आणि अडीच महिने घेतल्या. मग पायांवर सूज आली. फोडणीच्या वासानं मळमळायला लागलं. वय झालं असं आधी वाटलं, नंतर पित्त वाटलं. एके दिवशी जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसावं लागलं, तेव्हा बारामतीच्या रुग्णालयात आणलं.

“दिवसाला किती गोळ्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“दोन. कधी तीन.”

“कोणी सांगितलं?”

“दुकानदार म्हणाला, चालतात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गोळ्यांमुळे मूत्रपिंडांना आतून सूज आली होती. बायोप्सी केली, म्हणजे पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासला. त्यातही तेच निघालं. “परत काम करायला लागतील, किंवा नाही लागणार,” ते म्हणाले. “तीन महिन्यांत कळेल. नाही लागली तर जन्मभर डायलिसिस. तोवर पथ्य कडक पाळा. पोटॅशियमवर लक्ष ठेवा. ते वाढलं की आधी सांगत नाही, सरळ हृदय थांबवतं.”

डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून यंत्रात धुऊन परत आत सोडायचं. त्यासाठी मानेतल्या शिरेत नळी बसवली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर खेपेला चार तास. शनिवार-रविवारी जोडून सुटी मिळायची, मला आणि कचऱ्यालाही.

चौथ्या दिवशी आहारतज्ज्ञ आली. पंचविशीची, हातात प्लास्टिकमध्ये घातलेला तक्ता. त्यात दोन रकाने होते, ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’. तिनं गोड आवाजात विचारलं, “मॅडम, तुमचं कम्फर्ट फूड काय? म्हणजे बरं नसताना, उदास वाटताना जे खावंसं वाटतं ते. त्यातलं काही पथ्यात बसवता येतं का बघू.”

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, “हिचं तसलं काही नसतं हो. हिला सगळं चालतं.”

त्यांनी ते कौतुकानं सांगितलं. लग्न झाल्यापासून सांगत आले आहेत. मी उत्तर शोधत राहिले. यांचं मला माहीत होतं, कडक भाकरी दुधात कुस्करून. मुलीचं माहीत होतं, वरणभात आणि त्यावर अर्धं लिंबू, बिया काढून. सासूबाईंना म्हातारपणीही ठेचा लागायचा. माझं काय, तर पातेल्यात उरेल ते. सत्तावीस वर्षं ते खाल्लं आणि कोणी विचारलं की चालतं म्हणून सांगितलं. ग्रंथालयात मी प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवते. या एका विषयावर माझ्याकडे कार्ड नव्हतं.

तक्ता वाचून मात्र हसू आलं. लहानपणापासून ज्या पदार्थांची स्तुती ऐकली ते सगळे ‘चालणार नाही’मध्ये होते. केळं, मोसंबी, पालक, टोमॅटो, डाळ, गूळ, शहाळं. ‘चालेल’मध्ये पांढरा भात, मैद्याचा पाव आणि साखर. सगळ्या सत्त्वगुणी मंडळींच्या अंगी पोटॅशियम निघालं. साखर निर्दोष सुटली. साखर कारखान्यांच्या मुलखात राहते, तेव्हा या निकालावर संशय घ्यायलाही जागा होती, पण विज्ञान खरं होतं.

मग लोक यायला लागले.

आपल्याकडे ‘पेशंटला बघायला’ जातात. शब्द अचूक आहे. माणसं येतात आणि बघतात. पुढे आपल्या ओळखीतल्या कोणाला नेमकं हेच झालं होतं आणि तो कसा गेला, ते सांगतात. कोणी रिकाम्या हातानं येत नाही. प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी असतं आणि ते आपण त्यांच्यासमोर खायचं असतं.

लोणी भापकरहून माझा भाऊ थर्मास घेऊन आला. हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज. “ताये, आई आजारपणात हेच पाजायची,” तो म्हणाला. खरं होतं. पण ते त्याला पाजायची. मला त्या वासानंही कसंतरी व्हायचं. मी वाटी तोंडाला लावून खाली ठेवली आणि छान झालंय म्हणाले.

प्राचार्य आले ते फळांची टोपली आणि फोटो काढणारा शिपाई घेऊन. टोपलीला चंदेरी कागद आणि लाल रिबीन होती. मानेत नळी असलेल्या बाईला टोपली धरायला लावून त्यांनी तीन फोटो काढून घेतले, कारण पहिल्या दोनांत त्यांचे डोळे मिटले होते. संध्याकाळी कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘संस्था आपल्या पाठीशी आहे’ असं आलं. टोपलीतलं एकही फळ मला चालणारं नव्हतं. ती सगळी वॉर्डच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं खाल्ली. आमच्या संस्थेनं इतकं उपयोगी काम त्या वर्षात दुसरं केलेलं मला आठवत नाही.

दोन आठवड्यांनी घरी सोडलं. डायलिसिसला इंदापूरहून बारामतीला ये-जा सुरू झाली. तक्ता मी फ्रिजवर चिकटवला, सगळ्यांना दिसेल असा.

पहिल्याच रविवारी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. कळसला असतात, स्वतः उसाला पाणी धरतात, कोणाला भीत नाहीत. एसटीनं आल्या आणि पिशवीतून चार शहाळी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या विहिरीजवळच्या झाडाची. वरून तासूनच आणली होती.

“वन्सं, शहाळं बंद केलंय डॉक्टरांनी. त्यात पोटॅशियम असतं.”

“कसलं पोट्याशम? पाणीच हाय ते. देवानं बंद करून ठिवल्यालं पाणी.”

मी फ्रिजकडे बोट दाखवलं. त्यांनी तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“तुझ्या सासूचं शेवटचं पंधरा दिवस म्या ह्याच्यावर काढलं. पाणी पेत न्हवती ती. शहाळं तोंडाला लावलं की तेवढं हसायची.” त्यांनी एक शहाळं फोडून पेल्यात ओतलं. मग पेला पुढे केला. “पी शैला. माझ्याखातर पी.”

आमचे हे सोफ्यावर होते. “एवढ्यानं काय होतंय,” ते म्हणाले.

मला सगळं माहीत होतं हे इथे स्पष्ट लिहिते. मी अडाणी नाही, विसरले नव्हते, तक्ता चार हातांवर होता. तरी मी म्हणाले, “चालेल.” एक प्यायले. मला चांगलं लागतंय असं वाटून त्यांनी दुसरं फोडलं, तेही प्यायले. वन्संचा चेहरा निवळला. त्या समाधानानं साडेचारच्या एसटीनं परत गेल्या.

सोमवारी सकाळी पाय उचलेनात. गाडीत बसवायला शेजारचे दोघे लागले. भिगवण रस्त्याला लागेपर्यंत हातही जड झाले. बारामतीत छातीला तारा लावून ईसीजी काढला, म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख. तो बघताच नर्स पळत गेली. पोटॅशियम सात पूर्णांक चार. साडेपाचच्या वर धोका असतो.

कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेतून दिलं. त्यानं पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाला थोडा वेळ आधार मिळतो. मग इन्सुलिन आणि साखरेचं पाणी, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायला. मग लगेच यंत्र. त्या वेळात मला भीती वाटली नाही, लाज वाटली. मेले असते तर कारण काय सांगितलं असतं लोकांनी?

दुपारी डॉक्टर आले.

“काय खाल्लं होतं?”

“दोन शहाळी.”

“चालत नाही हे माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“मग?”

“नणंदेला वाईट वाटलं असतं.”

ते फाईल उघडून उभे राहिले. “हे मी यात काय म्हणून लिहू?” त्यांनी विचारलं. ते चिडले होते, पण प्रश्न खरा होता. शेवटी त्यांनी नॉन-कम्प्लायन्स असं लिहिलं. म्हणजे रुग्णानं सांगितलेलं ऐकलं नाही. मला गंमत वाटली. मी आयुष्यभर सगळ्यांचं ऐकलं होतं, त्या रविवारीही ऐकलंच होतं.

त्या खाटेवर पडून मला राग यायला लागला आणि तो बरेच दिवस गेला नाही. वन्संचा आला. सोफ्यावरच्या नवऱ्याचा आला. थर्मासचा आणि चंदेरी कागदाचाही आला. यांतल्या एकाही माणसानं मला काय हवंय हे विचारलं नव्हतं. भावाला आई आठवत होती, ती त्यानं आणली. वन्संना हसणारी आई आठवत होती, ती त्यांनी पेल्यात ओतली. प्राचार्यांना ते स्वतःच आठवत होते. ज्याचा त्याचा दिलासा ज्याच्या त्याच्या पिशवीत होता आणि तो पचवायचं काम माझ्या बंद पडलेल्या मूत्रपिंडांकडे होतं. अर्थात, मी तरी कुठे सांगितलं होतं कोणाला काही?

सुरुवात घरातून केली. “भात जरा गिचका झालाय, चालेल ना?” यांनी विचारलं. यांना स्वयंपाक नव्यानंच करावा लागत होता.

“नाही चालणार,” मी म्हणाले.

ते पळी हातात धरून उभे राहिले. “मग काय करू?”

“परत लावा.”

त्यांनी परत लावला. पंचवीस मिनिटं गेली, आभाळ कोसळलं नाही. दुसरा भात मोकळा झाला होता. त्यावर थोडं तूप आणि साखर घालून मी खाल्ला, आणि मला मोकळा भात आवडतो हे वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. घरात सगळ्यांना गिचका लागतो.

सहाव्या आठवड्यात लघवी वाढली. ही बातमी आम्ही नातेवाइकांना पेढ्याच्या थाटात फोन करून दिली. डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अकराव्या आठवड्यात डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, “पुढच्या सोमवारी येऊ नका.” मानेतली नळी काढली. क्रिएटिनिन एक पूर्णांक नऊवर थांबलं आहे. पूर्ण बरी झाले नाही. मूत्रपिंडं निम्म्याहून कमीच चालतात, पथ्य जन्मभर आहे. पण यंत्र सुटलं.

नळी काढल्याचं कळताच वन्सं आल्या. या वेळी पोतं होतं. नऊ शहाळी.

“आता तरी पेशील का? बरी झालीस न्हवं?”

“नाही वन्सं. मला हे चालत नाही. आता नाही, पुढेही नाही.”

“घोटभर.”

“घोटभरही नाही.”

आमचे हे मध्ये पडले. “अगं, एक घोट घे की. तिचं मन राहील.”

“त्यांचं मन राहील. माझं मूत्रपिंड राहणार नाही.”

वन्सं उठून उभ्या राहिल्या. “म्हंजी म्या तुला माराय आलते व्हय गं?”

“मारायला नव्हता आलात. पण मेले असते.”

हे वाक्य मी आधी तयार केलेलं नव्हतं. निघालं. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी पेला उचलून पिऊन टाकावा असं मला फार वाटलं, इतकं की मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

“सुभ्या, ऐकतूस का बायकू काय म्हणती?” त्या म्हणाल्या.

हे ऐकत होते. पहिल्यांदाच ‘हिला सगळं चालतं’ असं म्हणाले नाहीत. “आक्का, डॉक्टर बी तेच म्हणलं,” एवढंच म्हणाले, तेही चपलांकडे बघत.

वन्संनी पोतं तिथेच टाकलं आणि गेल्या. कळसमध्ये त्यांनी सांगितलं, “शैला शिकलेली हाय. तिला आमचं पाणी चालत न्हाय.” या वाक्याला आपल्याकडे किती जुना आणि घाण अर्थ आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी तेच निवडलं. मी खुलासा करायला फोन केला नाही. त्यांच्या आईला शेवटी हसवणारी वस्तू मी नाकारली, हे दुःख मला कळतं. त्यासाठी मी मरू शकत नाही.

ज्यांच्या घरी हा आजार आला असेल त्यांच्यासाठी हे लिहिलं. गोळी घेताना दुकानदाराला विचारू नका, डॉक्टरला विचारा. भेटायला जाताना पिशवी भरायच्या आधी एक फोन करा. आणि रुग्ण बाई असेल तर तिच्या पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका, पुन्हा विचारा. आभार मानायचे ते त्या नर्सचे, जी आलेख बघून चालत न जाता पळत गेली. आणि डॉक्टरांचे, ज्यांनी मला रागावून ‘हे मी यात काय म्हणून लिहू?’ असं विचारलं.

वन्सं अजून माझ्याशी बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात पोटॅशियम चार पूर्णांक सहा आलं.