शाल, नारळ आणि गेलेली नोकरी

रविवारी सकाळी स्वारगेटला एसटीतून उतरताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कंडक्टरला पुन्हा सांगितलं, "पोरगी आमच्या घरातली पहिली पदवीधर हाय. पुण्याच्या कंपनीत हाय, पण घरूनच काम करती."

"काका, दिवे घाटापासनं तिसऱ्यांदा सांगताय," कंडक्टर म्हणाला.

मी पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागले. वाघोलीची ती नोकरी जाऊन चार महिने झाले होते आणि घरी मी सांगितलं नव्हतं. पुण्यातल्या काही गायक-वादकांनी बेरोजगारांसाठी बिनमानधनाची मैफल ठेवली होती. तिकिटांच्या पैशातून दहा जणांना संगणकाच्या कोर्सची फी मिळणार होती. त्या दहांत मी होते आणि हजर राहणं सक्तीचं होतं. घरी "गाणं ऐकायला जाते" एवढंच म्हणाले, तर आबा इस्त्रीचा सदरा घालून दारात तयार!

एका गृहस्थांना सभागृहाचा पत्ता विचारला.

"समोर पाटी आहे. वाचता येत असेल तर सापडेल."

मी बी.ए. आहे. सापडलं.

आत बटाटेवड्यांचा वास घमघमत होता. पडदा वर गेला. तानपुरे घुमले, तबलजीने जरा ठाकठोक केली आणि तो थांबला. आबांनी दणकून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले आजोबा सावकाश वळले.

"अहो, अजून वाद्यं सुरात लावताहेत."

"मग बरी लावत्यात की!" आबा म्हणाले.

मग गायिकेचा आवाज लागला आणि आबांचा हलणारा पाय थांबला. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण अर्धा तास नोकरी आठवली नाही, एवढं खरं.

नावं जाहीर करणार नाही, असा शब्द मला फोनवर मिळाला होता. पण पुण्यात अध्यक्ष बोलावले की सत्कार आलाच. मध्यंतरात वडा खाऊन परतले तर स्टेजवर दहा नारळ मांडलेले! निवेदिकेने "आजच्या मानकरी" म्हणत वडिलांच्या नावासकट माझं नाव पुकारलं. शाल अंगावर पडली तेव्हा आबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. या वेळी आजोबाही वाजवत होते.

परतीच्या एसटीत सासवड मागे पडलं, तेव्हा मी तोंड उघडलं.

"आबा, तो सत्कार नव्हता. माझी नोकरी गेलीय."

"ठावं हाय."

"कसं काय?"

"मागं दोन दिवस लाइट नव्हती. तुझ्या हापिसातनं एक फोन आला न्हाई."

"मग कंडक्टरला ते सगळं कशाला?"

"म्हटलं, आता तरी सांगतीस का बघू."

"आणि टाळ्या?"

"पोरीचं नाव बापाच्या नावासकट माइकवर घेतलं. हात बांधून बसू व्हय?"

घाट उतरल्यासारखं हलकं वाटलं मला. गावात प्रत्येकाला वेगवेगळं सांगायला नको, म्हणून इथंच लिहिते: नोकरी गेली आहे, कोर्स पुढच्या महिन्यात सुरू होतोय. आणखी काही विचारायचं असेल, तर दुपारी या. सध्या मी घरीच असते.