ताजा राहिलेला हार

पडदा वर जातो तेव्हा वलवण धरणाखालचा उतार दिसतो. दुधट प्लास्टिकचं लांबलचक पॉलिहाऊस, आत गुलाबांच्या रांगा, दाराशी पत्र्याची खुर्ची. खुर्चीत अल्लाबक्ष. येणाऱ्याच्या हातांकडे तो आधी बघतो, तोंडाकडे मग.

ही नजर माझ्या ओळखीची. आमच्या नाटक कंपनीचा पडदा तो ओढायचा. प्रयोगाआधी दोर तपासायचा, आणि दुसरा कुणी "मी पाहिलाय" म्हणाला की पुन्हा तपासायचा. खंडेनवमीला पेटीला, दिव्यांना, दोराला हार घालायचा मानही त्याचाच. कंपनी बंद पडली. मी लोणावळ्यात भाचीकडे आले, तो वलवणला परतून राजेश्वरीताईंचे गुलाब राखू लागला. अधूनमधून मी त्याच्याकडे चहाला जाते.

यंदा दसऱ्यानंतर गेले तर चहा नव्हता. कळ्यांच्या कडा करपल्या होत्या आणि आत राजेश्वरीताईंशेजारी, संगणकाचं काम बघणारा तळेगावचा सत्यम लॅपटॉप उघडून बसला होता.

मावळातल्या आठ गुलाबवाल्यांनी मिळून संगणकाचं एक जाळं उभारलंय. प्रत्येकाच्या झाडांत एक पांढरी डबी टांगलेली. ती हवेतला ओलावा मोजते, आणि ओलावा घटला की तुषार आपोआप सुटतात. तिची नोंद आठही जणांकडे जाते. त्या नोंदीवर भरवसा ठेवून व्यापारी माल उचलतो.

"नोंद सांगते, हवेत ओलावा भरपूर होता," सत्यम म्हणाला. "मग कळ्या करपल्या कशा?"

"आकडा तूच फिरवला असशील," अल्लाबक्ष म्हणाला.

"चाचा, याला ब्लॉकचेन म्हणतात. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची खूण असते. मागचा एक आकडा बदलला तर पुढच्या सगळ्या खुणा चुकतात, आणि बाकीच्या सात जणांना लगेच कळतं."

"आन् आठी जन मिळालेले असले तर?"

"तुम्ही नाटकात होता ना? म्हणूनच असले कट सुचतात."

राजेश्वरीताई हसल्या नाहीत. "आकडे खरे आहेत, तर मग इथं कुणीतरी काहीतरी केलंय. किल्ली चाचांकडेच असते. ज्यानं केलं असेल त्यानं उद्यापासून येऊ नये." त्या सत्यमला घेऊन पंपाकडे गेल्या.

अल्लाबक्षच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी प्रथमच पाहिला. या वयात दुसरीकडे कोण ठेवणार त्याला? आणि काम गेलंच तर ते त्याच्यावर आळ ठेवून जाणार होतं.

"बाई, तुमाला बी माजा संशय येतोय का?"

"चल, डबी बघू," मी म्हटलं. खरं सांगायचं तर थोडा येत होता.

वाटेत पंपावर खंडेनवमीचा हार सुकून काळा पडला होता. फवारणीच्या यंत्रावरचा तर गळून देठ उरले होते. डबीला मात्र झेंडूचा हार होता टवटवीत, आजच ओवल्यासारखा. थेंब निथळत होते.

"हा ताजा कसा?" मी विचारलं.

"रोज सकाळी पानी मारतो की. सगळ्यांचं पोट हिच्यावर हाय. हिचा हार सुकाया नको."

बोलता बोलता तो थांबला. हाराकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या तुषारांच्या कोरड्या तोट्यांकडे. ओल्या फुलांत गुरफटलेली डबी रोज सगळं ओलंचिंब असल्याचं सांगत होती, आणि आठ घरांत ते जसंच्या तसं जपलं जात होतं. सगळीकडेच हार होते, म्हणून हा कुणाच्या डोळ्यांवर आला नव्हता.

मी हार उतरवायला हात घातला. पिशवीत टाकला असता, कुणाला कळलं नसतं. डबी सुकली असती, तुषार सुटले असते.

त्यानं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या. त्यांना बघू द्या." आणि तो पंपाकडे चालू लागला.

सगळं ऐकून सत्यमनं कपाळाला हात लावला. "चाचा, मागच्या नोंदी आता पुसता येत नाहीत. खाली खुलासा जोडता येईल फक्त."

राजेश्वरीताईंनी डबीपाशी येऊन ओला हार चाचपला. मग म्हणाल्या, "डबी बिघडली होती, एवढंच लिही. त्यांचं नाव नको. आणि चाचा, उद्या वेळेवर या."

"न्हाई ताई, त्या बिचाऱ्या डबीवर आळ नको," अल्लाबक्ष म्हणाला. "लिवा, हार अल्लाबक्षनं घातला, पानी बी त्यानंच मारलं. आन् लिवून झालं की आठी ठिकानी उगडून दावा मला. माजा अजून भरवसा न्हाई."