डाव्या हाताचा मोजा

लतिकाबाईंचा हात घट्ट. विणण्यातही, आणि तसाही. चेरीताल मोहल्ल्यातल्या अर्ध्या बायका त्यांच्याकडे स्वेटर शिकल्या, पण उरलेल्या लोकरीचा तुकडा कुणाला मिळाला असेल तर शपथ. त्यांची धाकटी जाऊ इंदू बरोब्बर उलट. तिचे टाके सैल आणि बोलणं त्याहून ऐसपैस. तरी जे काही जोडीनं लागतं ते दोघी वाटून विणायच्या. उजवा मोजा लतिकाबाईंचा, डावा इंदूचा. एकटीनं विणायला घेतलं की दुसऱ्या मोज्याचा कंटाळा येतो आणि जोडी अर्धीच राहते. दोन्ही सारखे यावेत म्हणून लतिकाबाई दहा नंबरच्या सुया घ्यायच्या आणि इंदू त्याहून बारीक, अकरा नंबरच्या. बारीक सुईवर तिचा सैल हात आवळला जायचा आणि जोडी जुळायची.

पण एक खूण राहायचीच. जाळीच्या नक्षीत मनगटाजवळचं पहिलं छिद्र इंदू हटकून बुजवायची. त्या जागी लोकर पुढे घ्यायला विसरायची, टाका कमी पडायचा, मग पुढच्या ओळीत गुपचूप एक वाढवायची. लतिकाबाई ओरडल्या की हसायची. "राहू द्या ना ताई. तीट लावली समजा."

ही इंदू गेल्या वर्षी गेली. गेलेल्या माणसाचं अंगावरचं घरात ठेवू नये, म्हणून तेराव्यानंतर लतिकाबाईंनी तिची ट्रंक न उघडता नदीवर, ग्वारीघाटावरच्या गोरगरिबांना देऊन टाकली. त्या ट्रंकेत इंदूनं लेकीचे लहानपणापासूनचे स्वेटर, टोपडी, मोजे जपून ठेवले होते, हे कळलं तेव्हा घाटावरची माणसं पांगली होती. प्रणोती, इंदूची लेक, एक शब्द बोलली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं लतिकाबाईंना अजून वाटायचं.

या थंडीत प्रणोतीची बदली शिमल्याला झाली. निघण्याआधी ती म्हणाली, "मोठीआई, मला बिनबोटांचे हातमोजे विणून दे ना. ऑफिसात टायपिंग करायचं असते. आईची ती पानांची जाळी घाल." मग थांबून म्हणाली, "आईच्या हातचं तर माझ्याजवळ काहीच नाही."

 त्याच दुपारी लतिकाबाई गच्चीवर चटई टाकून विणायला बसल्या.

उजवा मोजा झरझर झाला. पंज्याच्या पाठीवर पानांच्या रांगा, अंगठ्याला फट, बोटांच्या मुळाशी संपलेला. उन्हाकडे धरून त्यांनी एकूण एक छिद्र पाहिलं. सगळी उघडी, सगळी सारखी. मोजा डब्यात ठेवला आणि त्याच दहाच्या सुयांवर डाव्याचे टाके घातले.

डावा झाला तो अण्णांच्या हातात बसेल एवढा. लतिकाबाईंचे यजमान अण्णा फॅक्टरीतून रिटायर झालेले, त्यांचा पंजा फावड्याएवढा. लतिकाबाईंनी उसवला. पुन्हा विणला, बोटं दुखेपर्यंत लोकर ओढून विणला. पुन्हा तेवढाच सैल. आणि मनगटाजवळचं पहिलं छिद्र दोन्ही वेळा बुजलेलं.

"काहून उसवून राहिली सारखी?" अण्णांनी विचारलं.

"हात गेला माझा. म्हातारी झाली मी."

खात्री करायला त्यांनी दहाच्याच सुयांवर एक साधी पट्टी विणली. ती नेहमीसारखीच, सुई आत शिरेना इतकी घट्ट. म्हणजे हात गेला नव्हता. फक्त डावा मोजा विणताना तो त्यांचा राहत नव्हता.

भर उन्हात अंगावर काटा आला. चटईच्या डाव्या बाजूला इंदू बसायची. लोकरीचा गुंडा त्या उजवीकडे ठेवत, आणि थोड्या वेळानं तो डावीकडेच सापडे, इंदू ठेवायची तसा, चटईच्या कडेत खोचलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घाबरत घाबरत आपल्या पिशवीच्या तळातून अकराच्या सुया काढल्या. इंदूच्या वस्तूंपैकी तेवढ्याच राहिल्या होत्या. त्या बारीक सुयांवर डावा मोजा बेताचा उतरू लागला, अगदी उजव्याच्या मापाचा. लतिकाबाईंनी मनगटाजवळचं छिद्र मुद्दाम मोठं पाडलं, बोट घालून पाहिलं आणि जेवायला खाली गेल्या. गच्चीच्या दाराला त्यांनी स्वतः कडी लावली होती. वर आल्या तेव्हा कडी लागलेलीच होती, आणि छिद्र नव्हतं. ते बुजवायचं तर वरच्या ओळी उसवाव्या लागतात, आणि त्यांना कुणी हातही लावलेला नव्हता.

त्यांनी सुया खाली ठेवल्या. वाटलं, हे सगळं चुलीत घालावं आणि पोरीला बाजारातले मोजे आणून द्यावेत. मग प्रणोतीचा तो थांबलेला आवाज आठवला. ट्रंक आपणच दिली होती. न उघडता दिली होती.

"इंदू," त्या रिकाम्या चटईला म्हणाल्या, "मला भीती वाटते गं तुझी. पण पोरीसाठी आली असशील, तर विण."

अण्णा चहा घेऊन जिन्यावरूनच ओरडले. "कोणाशी बोलून राहिली?"

"कोणाशी नाही. चहा ठेवा तिथंच."

मग बोटं अशी चालली की लतिकाबाई नुसत्या बघत राहिल्या. टाके ऐसपैस पडत होते. सुयांचा आवाजही त्यांचा नव्हता. त्यांच्या सुया टकटक वाजायच्या, या घासत चालल्या होत्या, इंदूच्या चालायच्या तशा. ऊन उतरायच्या आत मोजा संपला. टाके बंद करून त्यांनी सुया काढल्या तेव्हा हात बर्फासारखे गार पडले होते.

रविवारी प्रणोती मोजे न्यायला आली. लतिकाबाईंनी जोडी तिच्यापुढे ठेवली. तिनं आधी डावा घातला. मनगट उलटसुलट केलं, अंगठा बुजलेल्या छिद्रावर फिरवला आणि तिचा चेहराच बदलला.

"मोठीआई, ये तो आईचं आहे. सच में. तुझ्याजवळ ठेवलेलं होतं?"

लतिकाबाईंनी तोंड उघडलं. सांगायचं होतं की डावा तिचा, उजवा माझा, नेहमीसारखा. तेवढ्यात प्रणोतीनं उजवा चढवला आणि मनगट खिडकीच्या उजेडाकडे धरलं.

"यातही आहे!" ती म्हणाली. तिचे डोळे भरून वाहायला लागले. "दोन्ही आईनंच विणले ना?"

लतिकाबाईंनी वाकून पाहिलं. उन्हाकडे धरून तपासलेलं, उघडं असलेलं ते पहिलं छिद्र उजव्यातही बुजलं होतं. माप तेच, पण साऱ्या मोज्याचे टाके इंदूच्या हातासारखे सैल होते. डब्याला तर त्यांच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता.

त्यांच्या हातांना पुन्हा तो गारवा जाणवला. ते त्यांनी पदरात गुंडाळून घेतले.

"हो," त्या म्हणाल्या. "दोन्ही तिनंच विणले."