ब्रेकच्या डबीतलं तेल

ब्रेकचे प्रकार मला तोंडपाठ होते. सायकलचा सळईचा, जीपचा तेलाचा, ट्रकचा हवेचा. नागपूरच्या एका सरकारी कार्यालयात मी भांडार सांभाळत असे आणि दुपारच्या चहाला हे ज्ञान फुकट वाटत असे. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब असतं, ती सुकली तर नळाचं नव्हे, डिस्टिल्ड पाणीच घालायचं, हेही बजावायचो. स्वतःच्या हाताने मी सायकलची उतरलेली चेनसुद्धा कधी चढवली नव्हती.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आमच्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "बाबूजी, ब्रेक ऑइल कमी झालं. एक डबा मागवून द्या."

एका डब्यासाठी मागणीपत्राच्या तीन प्रती आणि प्रत्येकीवर तीन सह्या. इंजिन ऑइल मात्र भांडारात पिंपभर होतं. पाण्या-पाण्यात भेद करणारा मी, तेलाच्या बाबतीत अद्वैतवादी निघालो. ड्रायव्हर साहेबांचा जेवणाचा डबा आणायला गेला, तेवढ्यात मी ते इंजिन ऑइलच जीपच्या ब्रेक ऑइलच्या डबीत ओतलं. तो परतल्यावर म्हणालो, "टाकलं गा ब्रेक ऑइल."

पेडल दाबलं की नळीतलं तेल पायाचा जोर चाकापर्यंत नेतं, आणि ते तेल रबरी वाट्यांनी अडवून धरलेलं असतं. इंजिन ऑइलने त्या वाट्या फुगून खराब होतात. एवढं एक माझ्या व्याख्यानात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साहेब, मी आणि ड्रायव्हर उमरेडला निघालो. आधी चाकं जड झाली, मग जळका वास सुटला. पुढच्या उतारावर पेडल तळाला टेकलं. ड्रायव्हरने गिअर उतरवले, तारेचा हँडब्रेक खेचला आणि जीप नांगरलेल्या वावरात घातली. बांधाला धडकून ती थांबली. साहेबांचा चष्मा फुटला. आम्ही तिघेही जिवंत होतो.

चौकशी झाली. जाणकार म्हणून साहेबांनी मलाच नेमलं. जबाब देताना ड्रायव्हर म्हणाला, "ब्रेकच्या डबीतून इंजिन ऑइलचा वास येऊन राहिला, बाबूजी. कोनं टाकलं, ते पहिले पाहा."

मी ते वाक्य लिहिलंच नाही. अहवालात चार पानं ब्रेकचे प्रकार लिहिले आणि शेवटी 'चालकाचा निष्काळजीपणा'. साहेबांनी माझ्या अभ्यासाची स्तुती केली. ज्याने आमचा जीव वाचवला त्याला फाटकावर चौकीदार केलं. निवृत्तीपर्यंत तो रोज माझ्यासाठी ते फाटक उघडत राहिला आणि मी रोज मान हलवून आत जात राहिलो.

गेल्या महिन्यात मी सक्करदऱ्याला त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तो हसला.

"मले काय सांगता? मले तर वासावरूनच समजलं होतं."

"मग वर साहेबांकडे काहून नाही गेलास?"

"सांगितलं होतं ना. लिहून घेनारे तुमीच होते."

त्याने घरात असलेल्या मुलाला हाक मारली. पन्नाशीचा मुलगा बाहेर आला.

"याले सांगा," तो म्हणाला. "शाळेत पोट्टे याले चिडवत, तुह्या बापानं गाडी ठोकली म्हनून. यालेबी तसंच वाटते. अन् बाबूजी, ब्रेकचे प्रकार नका सांगू."

मी नाही सांगितले. दोन वाक्यांत झालं. मुलाने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो बापाजवळ जाऊन बसला.