ताण मोजणारे साडू

माणसाच्या मनावरचा ताण मोजता येतो, यावर जगात सर्वांत गाढ श्रद्धा कुणाची असेल तर ती माझ्या साडूंची. ते ठाण्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात, बाळकुमला राहतात आणि कुणाकडेही गेले की चहा येण्याआधी पिशवीतून प्रश्नावली काढतात. गेल्या महिन्यात कामं आवरत नाहीत असं किती वेळा वाटलं? कधीच नाही, क्वचित, की नेहमी? पुतण्याच्या मुंजीत त्यांनी गुरुजींनाही सोडलं नाही. गुरुजींनी 'नेहमी' म्हटल्यावर साडू इतके सुखावले की पंगतीत त्यांच्या शेजारून हलेनात. मोठी संकटं माणूस पेलतो, त्याला पोखरतात त्या लिफ्ट बंद, पाणी गेलं, असल्या रोजच्या कटकटी, असं त्यांचं ठाम मत. एकदा त्यांनी माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. ते दिवसभरात कधीही वाजायचं, आणि वाजलं की त्या क्षणी कसं वाटतंय ते कळवायचं. दोन दिवसांत मला एकच ताण उरला, ते वाजण्याचा. तसं सांगितलं तर म्हणाले, "उत्तम, तेही कळवा."

मग लाळेचं वेड आलं. सकाळी चूळ भरण्याआधी कापसाचा बोळा तोंडात धरायचा आणि नळीत टाकून त्यांना द्यायचा. लाळेतल्या एका द्रव्यावरून म्हणे ताण कळतो. सगळ्या नातेवाइकांनी हसत हसत बोळे दिले. अडलं ते आमच्या सासूबाईंपाशी.

सासरे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांत त्यांचं सगळं सासूबाई एकट्या करत. मदतीला बाई ठेवा म्हटलं की "मला काय धाड भरलीय" म्हणत. त्या खंगत होत्या, हे आम्हाला दिसत होतं. आकडा समोर ठेवला की ऐकतील, असा साडूंचा बेत. पण त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर 'कधीच नाही'. बोळ्याचं नाव काढताच त्या उठून उभ्या राहिल्या. "जावयाच्या हातात उष्टं द्यायचं? काहीतरीच काय!" मुलीनं तो बोळा मागून पाहिला, पण शेवटी तो जाणार जावयाकडेच. जावयापुढे रडगाणंही गायचं नसतं, हे साडूंच्या शास्त्रात कुठे नव्हतं.

मग पिशवी घरी ठेवून साडू दर रविवारी डोंबिवलीला जाऊ लागले. सासऱ्यांना पुसायचे, कूस बदलायचे, पेज भरवायचे. सुरुवातीला सासूबाई संकोचानं दारातच उभ्या असत. पुढेपुढे बहिणीकडे खडवलीला जाऊन येऊ लागल्या. एका रविवारी मीही तिथे होतो. त्या परतल्या, चपला न काढताच खुर्चीत टेकल्या.

"दमले हो मी," त्या साडूंना म्हणाल्या. "फार दमले."

आता साडू विचारणार, किती वेळा, असं मला वाटलं. साडूंनी पेजेची वाटी खाली ठेवली आणि चहाचं आधण ठेवलं. उद्यापासून बाई येईल, एवढंच म्हणाले. सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत.

सासरे त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. ते जाताना सासूबाई त्यांच्याजवळ शांत बसू शकल्या, याचं मला अजून बरं वाटतं. साडू रविवारी तरीही जातात. करण्यासारखं काही नसतं. सासूबाई गुडघ्यांबद्दल बोलतात, समोरच्यांच्या टीव्हीबद्दल बोलतात, कधी सासऱ्यांची आठवण काढून रडतात. घरी पोचल्यावर साडूंचा मला फोन येतो.

"आज फार तक्रारी केल्या हो त्यांनी," ते समाधानानं सांगतात.