शेवटच्या बांधापर्यंत

फुलंब्रीच्या स्टँडवरून माझी बस सुटली तेव्हा माय खाली उभी होती. माझ्या मांडीवर तिनं बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि डोक्यात तिची ताकीद, "तिकडं बरफाचं पाणी पिऊ नको, गळा धरतो." मी गाणं शिकायला जर्मनीला निघाले होते, आणि जर्मनी कुठं आहे हे आमच्या घरात मलाच जेमतेम ठाऊक होतं. बस वळणावर आली आणि मायनं हाळी दिली, "वैशेऽऽ." मी खिडकीतून डोकं काढून ओ दिली, पण ड्रायव्हरनं नेमका तेव्हाच हॉर्न दाबून धरला. माझी ओ तिला पोचली की नाही, हे मला पुढं कितीतरी वर्षं कळलं नाही.

गावाकडं राहिलेल्यांना हाळी सांगायला नको. बाहेर गेलेल्यांच्या पोरांना मात्र सांगावी लागेल. हाक माणसाला मारतात, हाळी रानाला. दुपारी जेवण घेऊन माय बांधावर उभी राहायची आणि पार विहिरीपलीकडं औत हाकणाऱ्या बापूंना बोलवायची. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, म्हणून ती माझ्या नावानं हाळी द्यायची, "वैशेऽऽ, जेवाया याऽऽ." आणि मी तिच्या पायाशी शेंगा फोडत बसलेली असताना तिकडून माझे मिशाळ बापू माझ्या नावाला ओ द्यायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. एकदा खेळाच्या नादात मी तिच्या हाकेला उत्तर दिलं नाही, तेव्हा ती म्हणाली, "ऐकू आलं की ओ द्यावी माय. हाळी मोकळी जाऊ देऊ नाय."

आवाज मी तिचाच घेतला, जाड आणि खालचा. शाळेत पोरी हसायच्या. कॉलेजसाठी शहरात आले, तेव्हा त्याला औरंगाबादच म्हणायचे, आणि गाण्याच्या क्लासला नाव घातलं. सरांनी सगळ्या पोरींची पट्टी काळी चार, म्हणजे चांगलीच उंच, धरलेली. मी तिथं चढले की घसा फाटल्यासारखा व्हायचा. सर भले होते, पण म्हणाले, "तू पेटी शीक बेटा, गाना तेरे बस का नहीं." मी रडत रडत छावणीतून चालले होते तेव्हा चर्चमधून समूहगान ऐकू आलं आणि मी आत जाऊन मागच्या बाकावर बसले. तिथं गाणं बसवणाऱ्या रिबेलो मॅडमनी मला चार सूर गायला लावले, मग चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, या आवाजाला नाव आहे, मेझो सोप्रानो, बायकांच्या उंच आवाजाच्या खालचा, भरदार. मला आठवतं, त्या दिवशी गुलमंडीपर्यंत मी ते नाव पुटपुटत गेले. ज्याला सगळे खोट म्हणत होते त्याला कुठंतरी नाव होतं, याचा केवढा आनंद.

त्यांच्याच हाताखाली शिकून जर्मनीला गेले, आता तिथल्या फ्रायबुर्गला राहते. सकाळी शिकवते, संध्याकाळी तालमी किंवा प्रयोग. ऑपेरात नायिका बहुधा उंच आवाजाची, सोप्रानो. आमच्या वाट्याला आया, दासी, चेटकिणी आणि कधी कधी मिसरूड न फुटलेले पोरगे. मायला फोनवर हे रडगाणं सांगितलं तर म्हणाली, "आईचं काम देत्यात ना? मग काहून रडती. आईबिगर घर चालतं का कुणाचं?" तिकडं ऑपेरात माइक नसतो. पूर्ण वाद्यवृंद वाजत असतो आणि त्यावरून तुमचा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसाला पोचावा लागतो. माझ्या शिक्षिकेनं त्यासाठी श्वास कुठं भरायचा, पोट कसं धरायचं, हे समजावलं तेव्हा मला हसू आलं. हे तर बांधावर रोज चालायचं. फरक इतकाच की तिकडं याचं तिकीट लागतं आणि भाकरी मिळत नाही.

बापू गेले, आणि मायनं हाळी द्यावी असं कुणी उरलं नाही. त्यानंतर तिचे कान जाऊ लागले. माझा भाऊ सांगायचा, घरात नुसती हो हो करते, ऐकू काही येत नाही. कानाचं यंत्र आणलं तर तिनं ते डब्यात ठेवून दिलं, म्हणे त्यात चिमण्या ओरडतात. डॉक्टर म्हणाले, आधी बारीक, उंच आवाज जातात, जाड आवाज शेवटी. मी तिकडं जगभराच्या लोकांपुढं गात होते आणि मायनं मला एकदाही समोर बसून ऐकलं नव्हतं. तिचे कान पूर्ण जायच्या आत तिला ऐकवायचं, एवढंच माझ्या मनात बसलं.

गेल्या हिवाळ्यात शहरात, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरात, कार्यक्रम ठरवला. माइक काढून ठेवा म्हटलं तर ध्वनियंत्रणेवाले हवालदिल झाले. भावानं मायला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी पडद्याआडून पाहते तर ही उठून, लोकांचे गुडघे ओलांडत, पार शेवटच्या रांगेत जाऊन बसली. भावानं हात धरला तर म्हणाली, "जवळून कुणालाबी ऐकू येतं. म्या बांधावर बसते."

पहिली तीन-चार गाणी ती लोकांची तोंडं बघत होती. लोक टाळ्या वाजवायचे, मग ती वाजवायची. उशीर झाला, असंच वाटलं. मग एक जर्मन अंगाईगीत होतं, अगदी खालच्या पट्टीतलं, शेवटी एकच लांब सूर. तो मी धरला, पोटातून, विहिरीपलीकडं पाठवल्यासारखा. सूर संपला. टाळ्या अजून पडायच्या होत्या. आणि शेवटच्या रांगेतून स्वच्छ आवाज आला, "ओऽऽ."

लोक वळून बघायला लागले, काही हसले. पियानोवर बसलेल्या हानानं चमकून माझ्याकडं पाहिलं. मला पुढचं गाणं सुरू करता येईना.

नंतर मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिच्या कानाला लागून म्हटलं, "माय, भर कार्यक्रमात ओ दिलीस." ती म्हणाली, "तू हाळी दिली, मला ऐकू आली. मग देऊ नाय व्हय?" मग माझा हात हातात घेतला. म्हणाली, "त्या दिशी स्टँडवर म्या हाळी दिली व्हती. तुझी ओ काय आली नाय. लई दिवस जीवाला लागलं, पोरगी रागानं गेली का काय."

मी तिच्या कानाशी वाकून, माझ्या सगळ्यात खालच्या आवाजात म्हटलं, "दिली होती माय. हॉर्न वाजला."

"व्हय?" ती म्हणाली. "मग बरं."

घर कुठं, असं माझे विद्यार्थी विचारतात. फ्रायबुर्गला माझं घर आहे, फुलंब्रीलाही आहे. पण खरं सांगायचं तर आता रविवारी फोन लावते, भाऊ तो मायच्या कानाला धरतो, मी खालच्या सुरात "मायऽऽ" म्हणते आणि थांबते. तिकडून ओ आली, की मी घरी असते.